रुग्णवाहिका येईपर्यंत

(सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



'हृदय थांबले म्हणजे माणूस गेला' ही आपल्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. नाडी लागेनाशी झाली, घरघर सुरू झाली, की वडीलधारी माणसे देवघरातील गंगाजलाचा गडू घेऊन येतात, तुळशीपत्र आणले जाते आणि नातेवाइकांना निरोप धाडले जातात. ही समजूत ज्या काळात रुजली, त्या काळात ती चुकीची नव्हती. थांबलेले हृदय पुन्हा चालू करण्याचा उपाय तेव्हा जगात कोणाकडेच नव्हता. परंतु गेल्या सहा-साडेसहा दशकांत वैद्यकशास्त्राने एक गोष्ट निर्विवादपणे दाखवून दिली आहे. हृदय थांबणे आणि माणूस मरणे या दोन घटनांच्या मध्ये काही मिनिटांचा अवधी असतो. त्या अवधीत योग्य कृती झाली, तर काही माणसे परत येतात. आपल्या पायांनी चालत घरी जातात आणि कामावर रुजूही होतात.

त्या काही मिनिटांत रुग्णाजवळ असते कोण? डॉक्टर नसतो, परिचारिका नसते, रुग्णवाहिका तर निघालेलीही नसते. जवळ असतात ते पत्नी, मुलगा, शेजारी, सहप्रवासी, कार्यालयातील सहकारी, शाखेतील मित्र. थोडक्यात, जवळ समाज असतो. म्हणूनच रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया थांबलेली किती माणसे वाचतात, हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच समाजाच्या संघटनेचा आहे. संजीवनीची कथा आपल्याकडील लहान मूलही जाणते. त्या कथेत औषधाइतकेच महत्त्व वेळेला आहे. सूर्योदयापूर्वी वनस्पती पोहोचली पाहिजे, ही अट नसती तर मारुतीरायाला पर्वत उचलून आणावा लागला नसता.

एक नेहमीची गल्लत

विषयात शिरण्यापूर्वी दोन शब्दांतील गल्लत दूर केली पाहिजे. हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. छातीत दुखते, घाम फुटतो, डावा हात जड होतो. परंतु रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलत असतो. त्याला वेळ न दवडता रुग्णालयात न्यायचे असते. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मात्र हृदयातील विद्युत् व्यवस्थाच कोलमडते. अनेकदा हृदय आकुंचन पावण्याऐवजी पिशवीत जिवंत मासळी वळवळावी तसे नुसते थरथरत राहते. त्यातून रक्त पुढे ढकलले जात नाही. दहा-वीस सेकंदांत माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींची हानी सुरू होते. झटका हे अशा हृदयबंदचे एक मोठे कारण असते, म्हणूनच या दोहोंची सरमिसळ होते.

हा विषय म्हाताऱ्यांचा, अशीही एक समजूत आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाच्या आधारे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी, तर इतर देशांतील लोकांना सुमारे ५९व्या वर्षी येतो, असे आढळले. ५३ वर्षांचा माणूस म्हणजे मुलीचे लग्न व्हायचे आहे, मुलाचे शिक्षण चालू आहे, घराचे हप्ते फिटायचे आहेत, अशा घराचा कर्ता पुरुष. तो जातो तेव्हा घराचा आधारच निखळतो.

दोन हातांचा शोध

थांबलेल्या हृदयाला बाहेरून चालना देण्याचे तंत्र अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत विकसित झाले. त्याचे एक जनक विल्यम कूवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत् अभियंता होते. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्का लागून मरत. त्यांना वाचवता यावे म्हणून त्यांचे संशोधन चालले होते. त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आले की, प्रयोगातील प्राण्याच्या छातीवर विद्युत् धक्क्याची जड तबके दाबून ठेवली की वीज सोडण्यापूर्वीच रक्तदाब किंचित वाढतो. म्हणजे छातीवरील दाबानेही रक्त फिरते! शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह या तिघांनी १९६० साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पहिल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले. छाती न उघडता, कोणत्याही उपकरणाविना, केवळ दोन हातांनी हे करता येते, हा त्या निबंधाचा क्रांतिकारक निष्कर्ष होता. त्याच सुमारास पीटर सफार आणि जेम्स ईलम यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय कसोटीवर उतरवली. या दोहोंचा मेळ म्हणजे आजचा सीपीआर.

पुढचे पाऊल उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे पडले. फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ साली विद्युत् धक्का देणारे यंत्रच रुग्णवाहिकेत चढवले. ते यंत्र सुमारे ७० किलो वजनाचे होते आणि मोटारीच्या बॅटऱ्यांवर चाले. रुग्णाला रुग्णालयात आणण्याऐवजी रुग्णालयच रुग्णाकडे नेण्याची ही कल्पना होती. आज तेच यंत्र एईडी या नावाने लहान पेटीच्या आकारात आले आहे. झाकण उघडले की ते बोलून सूचना देते, हृदयाची लय स्वतःच तपासते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. त्यामुळे ते वापरण्यासाठी डॉक्टर असण्याची आवश्यकता उरलेली नाही.

आकडे वाचायचे कसे

इतके सारे झाल्यावर किती माणसे वाचतात? येथे सावधपणे बोलले पाहिजे. चित्रपट आणि मालिका यांनी या बाबतीत मोठा भ्रम निर्माण केला आहे. १९९६ साली अमेरिकेतील तीन लोकप्रिय मालिकांचा अभ्यास झाला. पडद्यावर सीपीआर दिलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के तत्काळ बचावले आणि ६७ टक्के शेवटपर्यंत जगले! प्रत्यक्षातील चित्र पुष्कळ वेगळे आहे. अमेरिकेत दरवर्षी सुमारे साडेतीन लाख लोकांची हृदयक्रिया रुग्णालयाबाहेर बंद पडते. त्यांतील सुमारे ७० टक्के घटना घरातच घडतात. रुग्णवाहिका-सेवेने ज्यांच्यावर उपचार सुरू केले, त्यांपैकी जिवंत घरी परतणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आहे.

मग काही शहरे ५० टक्क्यांहून अधिक यश मिळाल्याचे सांगतात, ते खोटे आहे काय? तेही खरे आहे. फरक भाजकाचा आहे. कोसळताना कोणी पाहिले आणि ज्यांचे हृदय थरथरत होते, म्हणजे विद्युत् धक्क्याला प्रतिसाद देऊ शकत होते, एवढेच रुग्ण मोजले तर प्रमाण मोठे दिसते. सर्व रुग्ण मोजले तर ते लहान दिसते. पूर्वी प्रत्येक शहर आपल्या सोयीने मोजत असे. १९९० साली जगभरातील तज्ज्ञ नॉर्वेतील उटस्टाइन या जुन्या मठात एकत्र आले आणि नोंदी कशा ठेवायच्या, याची एकच पद्धत त्यांनी ठरवली. १९९१ साली प्रसिद्ध झालेली ती पद्धत आज जगभर 'उटस्टाइन' याच नावाने ओळखली जाते. कोणी यशाचा आकडा सांगितला की, 'किती जणांपैकी?' हा प्रश्न विचारण्याची सवय कार्यकर्त्यांनीही लावून घ्यावी. सेवाकार्याच्या अहवालांनाही तीच कसोटी लागू पडते.

या सावधगिरीसह एक गोष्ट मात्र सर्वत्र सारखी दिसते. काहीही न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छातीदाब चालू असेल तर ही घसरण मंदावते आणि सुमारे ३ ते ४ टक्क्यांवर येते. म्हणजे छातीदाबाने हृदय बहुधा आपोआप सुरू होत नाही. त्याने वेळ मिळतो. मदत पोहोचेपर्यंत मेंदू जिवंत ठेवण्याचे काम ते दोन हात करीत असतात.

जेथे समाज शिकला

अमेरिकेच्या सिएटल शहरात डॉ. लेनर्ड कॉब आणि तेथील अग्निशमन दल यांनी १९७० साली सुसज्ज रुग्णवाहिका-सेवा सुरू केली. परंतु ती कितीही वेगाने धावली तरी पहिली मिनिटे हुकतात, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आले. १९७२ पासून त्यांनी सामान्य नागरिकांना शिकवण्यास आरंभ केला. पुढे दूरध्वनीवर मदतीची हाक घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच छातीदाबाच्या सूचना देण्याचे प्रशिक्षण मिळाले. माणूस शुद्धीवर आहे काय? नेहमीसारखा श्वास घेतो आहे काय? दोन्ही उत्तरे 'नाही' आली की तत्क्षणी छातीदाब सुरू करवून घ्यायचा. त्या किंग काउंटी परिसरात, वर सांगितलेल्या निवडक गटातील निम्म्याहून अधिक रुग्ण काही वर्षी वाचले. याउलट न्यूयॉर्कसारख्या बलाढ्य महानगरात १९९०च्या आरंभी झालेल्या पाहणीत, सर्व रुग्णांपैकी अवघे १.४ टक्के वाचल्याचे आढळले. एकाच देशातील, एकाच वैद्यकशास्त्राच्या आधारे चालणाऱ्या या दोन शहरांचे भाजक वेगळे आहेत, हे खरेच. परंतु तेवढ्याने ही दरी भरून निघत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण डेन्मार्कचे. २००१ साली त्या देशात प्रत्यक्षदर्शींकडून सीपीआर मिळण्याचे प्रमाण २१ टक्के होते आणि ३० दिवसांनंतर जिवंत असणारे रुग्ण होते अवघे ३.५ टक्के. त्या राष्ट्राने निश्चय केला. २००५ पासून शालेय शिक्षणात सीपीआरचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. २००६ पासून वाहनचालकाचा परवाना हवा असेल तर हे शिकणे अनिवार्य ठरले. प्रशिक्षणाच्या पेट्या घरोघरी पोहोचल्या, सार्वजनिक ठिकाणी एईडी बसवले गेले. २०१० पर्यंत सीपीआर मिळण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या जवळ गेले आणि ३० दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे १०.८ टक्क्यांवर. या काळात रुग्णवाहिका आणि रुग्णालये यांतही सुधारणा झाल्या, त्यामुळे सारे श्रेय एकाच गोष्टीला देता येणार नाही. तरीही दहा वर्षांत वाचणाऱ्यांचे प्रमाण तिप्पट व्हावे, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच देशातील आणखी एका अभ्यासात, कमावत्या वयातील वाचलेल्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जण पुन्हा कामावर गेल्याचे दिसले.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिकसन सामना चालू असताना कोसळला, तेव्हा कर्णधार सिमोन केअर आणि सहकारी क्षणात धावले. वैद्यकीय पथकाने तेथेच छातीदाब आणि विद्युत् धक्का दिला. सहकारी खेळाडू पाठ करून भोवती कडे करून उभे राहिले. शरीरात रक्षक-यंत्र बसवून एरिकसन २०२२ साली पुन्हा मैदानात उतरला. जगाने तो चमत्कार मानला. प्रत्यक्षात ते पूर्वतयारीचे फळ होते.

जपानने २००४ साली सामान्य नागरिकांना एईडी वापरण्याची मुभा दिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या देशव्यापी अभ्यासात, कोसळताना पाहिलेल्या आणि हृदय थरथरत असलेल्या रुग्णांपैकी १४.४ टक्के मेंदूच्या चांगल्या स्थितीत वाचले. मात्र ज्यांना नागरिकांनीच एईडीचा धक्का दिला, त्यांच्यात हे प्रमाण ३१.६ टक्के होते. अमेरिकेतील जुगारगृहांत सुरक्षारक्षकांना हे शिकवले गेले. तेथे कोसळताना पाहिलेल्या ज्या रुग्णांना तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला, त्यांपैकी ७४ टक्के वाचले. उशीर झाला त्यांच्यात प्रमाण ४९ टक्क्यांवर आले. स्वीडनमध्ये ३० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की, रुग्णवाहिकेपूर्वी सीपीआर मिळालेल्यांपैकी १०.५ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ४ टक्के वाचले.

महागडे औषध की पहिला हात?

यावर सहज म्हटले जाईल की, आपल्याकडे अद्ययावत रुग्णवाहिका वाढवल्या की प्रश्न सुटेल. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात हाच विचार तपासून पाहिला गेला. तेथे नागरिकांचा सीपीआर आणि त्वरित विद्युत् धक्का यांची व्यवस्था आधीच बसलेली होती. तिच्यात श्वासनलिकेत नळी घालणे, शिरेतून औषधे देणे अशा प्रगत उपचारांची भर घातली. २००४ साली निष्कर्ष आला. वाचणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्के होते, ते ५.१ टक्के झाले. ब्रिटनमध्ये आठ हजार रुग्णांवर अॅड्रिनॅलिनची चाचणी झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार औषध मिळालेल्यांपैकी ३.२ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २.४ टक्के ३० दिवस जगले. मात्र औषधाने जास्त वाचलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेलेही अधिक होते. रुग्णवाहिका आणि औषधे हवीतच. परंतु पहिला हात वेळेवर पडला नसेल, तर नंतरची सारी सिद्धता पुष्कळ वेळा उशिरा पोहोचते.

आपल्याकडील चित्र

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे अशा घटनांच्या पद्धतशीर नोंदी थोड्याच ठिकाणी झाल्या आहेत. तेलंगणातील वारंगळ परिसरात असा प्रयत्न झाला, तेव्हा प्रत्यक्षदर्शींकडून सीपीआर मिळण्याचे प्रमाण नगण्य आढळले. त्याला कारणे आहेत. कोणी कोसळला की आपल्याकडे प्रथम गर्दी जमते. तोंडावर पाणी मारले जाते, फेफरे समजून कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, कोणी जिभेखाली गोळी ठेवतो, कोणी पाणी पाजू पाहतो. मग चौघे जण उचलून रिक्षात घालतात. या सर्वांमागे सद्भावना असते. परंतु रिक्षा रुग्णालयाच्या दारात थांबेपर्यंत मेंदूला रक्त मिळालेले नसते.

दुसरा घोटाळा श्वासाचा. हृदय थांबल्यावरही काही काळ अनेकांना मोठे, तुटक, घरघरणारे श्वास लागतात. आपण त्याला ऊर्ध्व लागणे म्हणतो. पाहणाऱ्यांपैकी एकाला वाटते, श्वास चालू आहे म्हणजे धोका नाही. दुसऱ्याला वाटते, ऊर्ध्व लागला म्हणजे सारे संपले. दोघेही हात बांधून उभे राहतात. वास्तविक अचानक कोसळलेल्या माणसाला असा श्वास लागणे, ही छातीदाब तत्काळ सुरू करण्याची खूण असते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २०१४ साली ९३७ वाहनांसह सुरू झाली आणि तिने असंख्य प्रसंगी मोलाची मदत केली आहे. परंतु मुंबई-पुण्याची वाहतूक, कोकणातील वळणाचे रस्ते, मेळघाट-गडचिरोलीतील अंतरे यांवर कोणती रुग्णवाहिका चार मिनिटांत मात करणार? शहरांतील उंच इमारतींनी नवीनच अडचण उभी केली आहे. कॅनडातील टोरोंटो परिसराचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. तिसऱ्या मजल्याखाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले, त्याहून वर राहणाऱ्यांपैकी २.६ टक्के. सोळाव्या मजल्याच्या वर हे प्रमाण १ टक्क्याहूनही खाली गेले आणि पंचविसाव्या मजल्याच्या वरील ३० रुग्णांपैकी एकही वाचला नाही. फाटक, पहारेकरी, नोंदवही, उद्वाहनाची प्रतीक्षा यांत मिनिटे जातात. आपल्याकडील गृहसंकुलांनी याचा विचार आजच केला पाहिजे.

तिसरे कारण भीतीचे. 'पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल' म्हणून सज्जन माणूसही मागे सरतो. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली संरक्षण दिले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ समाविष्ट झाले. ते संरक्षण अपघातापुरते आहे. परंतु बेशुद्ध व्यक्तीच्या हितासाठी, तिची संमती घेणे शक्य नसताना सद्‌हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते. पूर्वीच्या दंडसंहितेतही तशी तरतूद होती. छातीदाब देताना पुष्कळदा बरगडी मोडते. मोडलेली बरगडी सांधते. थांबलेले हृदय वाट पाहत नाही.

स्पर्शाचा संकोच

चौथे कारण अधिक नाजूक आहे आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावणे आपल्या संस्कारांना रुचत नाही. उष्ट्याचा विचार मनात येतो, रोगाची भीती वाटते. हा संकोच आता आड येण्याचे कारण उरलेले नाही. प्रौढ माणूस अचानक कोसळतो तेव्हा रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतो. गरज असते ती तो मेंदूपर्यंत पोहोचवण्याची. आपल्या देशातील भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध करताना हे लक्षात घेतले आणि सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबाची पद्धत पुरस्कारली. लहान मुले आणि बुडालेली माणसे यांना मात्र श्वासही द्यावा लागतो. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण हवे.

स्त्री कोसळली तर अडचण आणखी वाढते. पुढारलेल्या समजल्या जाणाऱ्या अमेरिकेतही २०११ ते २०१५ या काळातील नोंदींनुसार, सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांनाच लोकांकडून सीपीआर मिळाला. आपल्याकडे ही दरी किती असेल, याची कल्पना करता येते. मातृवत् परदारेषु म्हणणाऱ्या समाजाने संकटातील मातेला केवळ लोकलज्जेपोटी मरू द्यावे काय? यावरील उत्तम उपाय म्हणजे महिला मंडळे, भजनी मंडळे, बचत गट यांतील भगिनींनी हे शिकणे. घरात कोसळणाऱ्या पुरुषाच्या जवळही बहुधा घरची स्त्रीच असते. म्हणजे दोन्ही बाजूंनी हे प्रशिक्षण प्रथम स्त्रीला मिळणे अगत्याचे आहे.

आणि स्पर्शाचा जुना, अधिक दुःखद असा जो संकोच आपल्या समाजाने शतकानुशतके जोपासला, त्याचेही स्मरण येथे असावे. समोर कोसळलेल्या माणसाच्या छातीवर तळहात ठेवताना त्याची जात, पंथ, भाषा विचारायला सवड नसते. समरसतेचा विचार आपण बैठकांतून आणि बौद्धिकांतून मांडतो; येथे तो दोन तळहातांनी आचरायचा असतो.

कृती कोणती?

कृती सोपी आहे. माणूस कोसळला की प्रथम परिसर सुरक्षित आहे ना, हे पाहावे. विजेचा धक्का लागलेला असेल तर आधी वीज बंद करावी. खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, असे दिसले की एकाला नाव घेऊन १०८ किंवा ११२ ला दूरध्वनी करण्यास सांगावे. 'कोणीतरी फोन करा' असे म्हटले की कोणीच करीत नाही. जवळ एईडी असेल तर दुसऱ्याला ते आणण्यास पाठवावे. रुग्णाला कठीण सपाट जागेवर उताणे निजवावे, गादीवर नव्हे. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा. कोपरे ताठ ठेवून शरीराच्या भाराने छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असा दाब द्यावा आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण वर येऊ द्यावी. वेग मिनिटाला १०० ते १२०. हे थकवणारे काम आहे; दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, परंतु मध्ये खंड पडू देऊ नये. मदत येईपर्यंत किंवा रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत थांबू नये. तोंडात पाणी, औषध, काहीही घालू नये.

संघटनेचे काम

हे वाचून येत नाही, करून येते. प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर एकदा हात बसवला की भीती जाते. परंतु सराव नसेल तर काही महिन्यांतच कौशल्य मंदावते. नेमकी येथेच संघटनेची शक्ती उपयोगी पडू शकते. एका दिवसाचे शिबिर, छायाचित्र आणि प्रमाणपत्र यांनी हे काम होणार नाही. नित्य सराव, हेच ज्या कार्यपद्धतीचे मर्म आहे, तिच्याइतकी अनुकूल भूमी दुसरी कोणती असणार? दंड, योगासने, सूर्यनमस्कार यांच्या जोडीला महिन्यातून एक दिवस दहा मिनिटे छातीदाबाचा सराव होऊ शकतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये देशभर सीपीआर जागृतीचा सप्ताह पाळला, हे स्वागतार्हच आहे. परंतु सप्ताह शासनाचा असला तरी वर्षातील उरलेले एकावन्न आठवडे समाजाचे आहेत.

प्रत्येक गणेशोत्सव मंडळ आपल्या मांडवात एक संध्याकाळ या प्रात्यक्षिकासाठी राखू शकते. मोठी देवस्थाने, वारीतील दिंड्या, यात्रा यांच्या स्वयंसेवकांना हे आलेच पाहिजे. शाळांनी डेन्मार्कप्रमाणे आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना शिकवावे. घरी जाऊन ती मुले आईवडिलांना शिकवतील. व्यायामशाळा, तालीम, बँका, सहकारी संस्था यांनी एईडीचा विचार करावा आणि ते कुलपात न ठेवता सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावे. गृहसंकुलात साधा नियम असावा : हाक आली की एक जण फाटकावर, एक जण उद्वाहन तळमजल्यावर रोखून धरण्यासाठी, दोघे जण रुग्णाजवळ. आणि घटना घडली की तिची नोंद ठेवावी : कधी कोसळला, छातीदाब कधी सुरू झाला, मदत कधी आली, पुढे काय झाले. नोंद नसेल तर आपण पुढे चाललो आहोत की जागीच आहोत, हे कळणार नाही.

१९१३ साली दामोदर नदीला महापूर आला, तेव्हा कलकत्त्यात वैद्यकाचे शिक्षण घेणारे केशव बळीराम हेडगेवार मदतकार्यात उतरले होते. पदवी हाती येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पुढे त्यांनी दवाखाना थाटला नाही. समाजाची नाडी पाहण्याचे व्रत घेतले. सेवेसाठी पदवी लागत नाही, तत्परता लागते, हा त्यांच्या जीवनाचा धडा या विषयाला जसाच्या तसा लागू पडतो.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सारे काही नीट केले, वेळेवर केले, तरीही बहुतेक रुग्ण वाचणार नाहीत. ज्याने घामाघूम होऊन वीस मिनिटे छातीदाब दिला, त्याच्या समोरच तो माणूस जाईल. अशा वेळी त्या कार्यकर्त्याला एकटे सोडू नये. त्याचे काही चुकले, असे त्याला वाटू देऊ नये. घरच्यांनाही सांगावे की, तुमच्या माणसासाठी शक्य ते सर्व झाले. फळाची हमी नसताना कर्तव्य करण्याची शिकवण आपल्याला गीतेने दिली आहे. तिची परीक्षा इतक्या उघडपणे क्वचितच होते. दहांपैकी नऊ वेळा अपयश येईल, हे जाणून जो गुडघे टेकतो, त्याच्यामुळेच दहावा माणूस घरी परततो. तो दहावा कोण असेल, हे आधी कळत नाही. म्हणून प्रत्येकाजवळ गुडघे टेकायचे असतात.